हनुवटी, जबडा आणि गाल : शोभा, व्यंग आणि शस्त्रक्रिया

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



गावाच्या वेशीवर मारुतीचे देऊळ असते. त्या दैवताच्या नावाचा अर्थ मात्र फारसा कोणी विचारीत नाही. बाल हनुमान उगवत्या सूर्याला फळ समजून झेपावला, इंद्राने त्याच्यावर वज्र टाकले, तो पर्वतावर कोसळला आणि त्याची डावी हनु भंगली, म्हणून त्याला हनुमान म्हणू लागले, अशी कथा वाल्मीकिरामायणात आहे. हनु म्हणजे जबडा. उंचावरून पडलेले मूल आणि त्या पडण्याने जबड्याला आलेले व्यंग, ही गोष्ट इतकी जुनी आहे. आजच्या विषयात ती पुन्हा भेटणार आहे.

विषय आहे चेहऱ्यात बसविल्या जाणाऱ्या कृत्रिम रोपणांचा, म्हणजेच ज्यांना सर्वत्र इम्प्लांट या नावाने ओळखतात त्यांचा. हनुवटी पुढे यावी, जबड्याची कड ठसठशीत दिसावी, गाल भरलेले वाटावेत, यासाठी हाडावर एखादा घडविलेला तुकडा बसवितात. काही वर्षांपूर्वीपर्यंत ही मोठ्या शहरांतील आणि चित्रपटसृष्टीतील गोष्ट समजली जात असे. आता मोबाईलच्या पडद्यावर तिच्या जाहिराती तालुक्याच्या गावीही पोहोचतात. विवाहेच्छू तरुणतरुणी आणि त्यांचे पालक त्यांबद्दल विचारणा करू लागले आहेत. या शस्त्रक्रियेची निंदा करण्याचे कारण नाही आणि तिचे स्तोत्र गाण्याचेही नाही. परंतु ती काय आहे, कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही, हे स्पष्ट असले पाहिजे. कारण मागे गेलेली हनुवटी किंवा बसलेले गाल हे पुष्कळदा केवळ रूपाचे उणेपण नसून आजाराची खूण असते. अशा वेळी वरून भर घातली, तर खूण झाकली जाते आणि आजार तसाच राहतो.

प्रथम रचना पाहू. खालचा जबडा हे घोड्याच्या नालासारखे वळलेले एकच हाड असून त्याची दोन्ही टोके कानांच्या अगदी पुढे कवटीच्या खोबणीत टेकलेली असतात. कानापुढे बोट ठेवून तोंड उघडले आणि मिटले, की हा सांधा बोटाखाली सरकताना जाणवतो. खाणे, बोलणे, जांभई, सारे त्यावर अवलंबून असते. या हाडाच्या आतून एक मज्जातंतू जातो. तो पुढील दाढांच्या मुळांजवळच्या छिद्रातून बाहेर येऊन खालच्या ओठाला व हनुवटीला संवेदना देतो. गालाच्या हाडाजवळही डोळ्याखाली असाच एक मज्जातंतू बाहेर पडतो. चेहऱ्यात काहीही बसविताना शल्यविशारदाला या तंतूंना जपावे लागते. त्यांना इजा झाली तर ओठ किंवा गाल बधिर होतो. ही बधिरता बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत कमी होते, पण क्वचित ती कायमचीही राहते.

रोपणासाठी आज मुख्यतः दोन पदार्थ वापरतात. एक घट्ट सिलिकोन. ते रबरासारखे, गुळगुळीत आणि लवचीक असते. त्याच्याभोवती शरीर पातळ तंतुमय पिशवी तयार करते आणि ते तिच्यात राहते. ते काढायचे झाल्यास सहज निघते. मात्र नीट बसविले नसल्यास जागेवरून सरकूही शकते. दुसरा पदार्थ सच्छिद्र पॉलिएथिलीन. त्याच्या बारीक छिद्रांत शरीरातील पेशी व रक्तवाहिन्या शिरतात आणि ते जागी पक्के धरले जाते. परंतु या गुणामुळेच, पुढे ते काढण्याची वेळ आली, तर काम जिकिरीचे होते. हनुवटीचे रोपण हनुवटीखाली लहानसा छेद घेऊन किंवा खालच्या ओठाच्या आतून बसवितात, जबड्याच्या कोनाचे व गालाचे तोंडाच्या आतून. तोंडातून गेल्यास बाहेर व्रण दिसत नाही. पण तोंड ही जंतूंनी भरलेली जागा आहे, हेही विसरता येत नाही. जंतुसंसर्ग होऊन पू झाला आणि औषधांनी तो आवरला नाही, तर रोपण काढून टाकावे लागते. जाहिरातीत पहिल्या दिवसाचे व तिसऱ्या महिन्याचे छायाचित्र असते. रोपण मात्र माणसाबरोबर तीस-चाळीस वर्षे राहायचे असते, आणि त्या वर्षांचे छायाचित्र कोणी छापत नाही.

या लांबच्या काळाचा हिशेब वैद्यकाने फार किंमत देऊन शिकलेला आहे. १८९९ च्या सुमारास व्हिएन्ना येथील रॉबर्ट गेर्सुनी या शल्यविशारदाने पातळ केलेले पॅराफिन, म्हणजे मेणच, शरीरात टोचून पोकळी भरण्याची रीत काढली. थोड्याच वर्षांत ती युरोपात चेहऱ्यासाठीही सर्रास वापरली जाऊ लागली. पुढे मेण जागचे हलले, त्याभोवती कठीण गाठी झाल्या, त्वचा फुटली, आणि त्या गाठी काढताना चेहरा पूर्वीपेक्षा विद्रूप झाला. पुढच्या काळात पातळ सिलिकोन टोचण्याने हेच घडले. घट्ट सिलिकोनचा घडविलेला तुकडा आणि सुईने टोचलेले पातळ सिलिकोन या दोन सर्वस्वी वेगळ्या वस्तू आहेत. नाव एकच असल्याने लोकांची फसगत होते. टोचलेला द्रव मांसात पसरतो आणि पूर्णपणे बाहेर काढता येत नाही. सौंदर्यगृहात स्वस्तात 'गाल भरून' देणारा कोणी भेटल्यास त्याच्या सुईत काय आहे, हे विचारण्याइतके धैर्य प्रत्येकाने ठेवावे.

घट्ट रोपणांच्या बाबतीतही १९६९ साली अमेरिकेतील रॉबिन्सन व शुकेन यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. हनुवटीवर बसविलेल्या प्लास्टिकच्या रोपणाखालचे हाड दाबामुळे हळूहळू झिजते, असे त्यांना क्ष-किरण चित्रांत आढळले. अनेक रुग्णांत ही झीज थोडी होऊन थांबते आणि त्रास देत नाही. परंतु रोपण दातांच्या मुळांच्या पातळीवर, पातळ हाडावर बसले असेल, तर ती मुळांपर्यंत पोहोचू शकते. म्हणून ते हनुवटीच्या खालच्या, जाड कडेवर बसविण्याचा कटाक्ष असतो.

सर्वांत कठोर धडा जबड्याच्या सांध्यात बसविलेल्या रोपणांनी दिला. टेफ्लॉनचा थर असलेली एक प्रकारची रोपणे १९८३ पासून अमेरिकेत या सांध्यासाठी विकली जाऊ लागली. हजारो रुग्णांत ती बसविली गेली. चघळण्याच्या दाबाने त्यांचे बारीक कण सुटले, शरीराने त्या कणांवर हल्ला चढविला आणि त्या धुमश्चक्रीत आजूबाजूचे हाड, काही रुग्णांत तर कवटीच्या तळाचे हाडही, विरघळत गेले. १९९० साली तेथील अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला व ती रोपणे बाजारातून काढली गेली. जे हाडावर निश्चल पडून राहते ते एक, आणि ज्यावर दिवसातून हजारो वेळा दाब येतो ते दुसरे, हा भेद तेव्हापासून कोणी विसरत नाही.

परक्या पदार्थाऐवजी रुग्णाचेच शरीर वापरण्याची परंपरा मात्र आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेत गालाच्या त्वचेने कानाची पाळी व नाक घडविण्याचा विधी आहे आणि निखळलेला जबडा बसवून बांधावयाच्या बंधाचाही उल्लेख आहे. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात इंग्रजी फौजेकडील कावसजी नावाचा एक बैलगाडीवाला १७९२ मध्ये पकडला गेला आणि त्याचे नाक कापण्यात आले. पुण्याजवळ एका देशी कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा वळवून नवे नाक घडविले. या शस्त्रक्रियेचे वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन' मासिकात छापून आले आणि तेथील कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ साली ती रीत आपल्या रुग्णावर यशस्वी केली. पाश्चात्त्य सुघटन शल्यविद्येच्या नव्या पर्वाचा आरंभ येथे मानतात. त्या कारागिराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

पहिल्या महायुद्धात खंदकांतून डोके वर काढणाऱ्या सैनिकांचे जबडे व गाल गोळ्यांनी उडाले. इंग्लंडात सिडकप येथे हॅरॉल्ड गिलीज यांनी १९१७ पासून दंतवैद्य, चित्रकार आणि भूलतज्ज्ञ यांना एकत्र आणून त्या सैनिकांचे चेहरे त्यांच्याच त्वचेतून, हाडांतून आणि बरगडीच्या कूर्चेतून पुन्हा उभे केले. हनुवटीचे बोलायचे तर १९४२ साली होफर यांनी हनुवटीचे हाड आडवे कापून पुढे सरकविण्याची कल्पना मांडली आणि १९५७ मध्ये ट्राउनर व ओबवेगेझर यांनी ते काम तोंडाच्या आतून करण्याची पद्धत रूढ केली. आजही मागे असलेली हनुवटी पुढे आणण्याचा हा एक उत्तम मार्ग आहे. स्वतःचेच हाड पुढे येते आणि टायटॅनियमच्या लहान पट्टीने व स्क्रूंनी ते धरून ठेवतात. काम रोपणापेक्षा मोठे आहे, हे खरे. परंतु हनुवटी खूप मागे असेल, आखूड किंवा वाकडी असेल, तेव्हा वरून ठेवलेल्या तुकड्याने जे साधत नाही ते याने साधते.

टायटॅनियम हा परका पदार्थ असूनही हाडाने आपलासा केलेला धातू आहे. स्वीडनमधील ब्रोनेमार्क हे १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडात टायटॅनियमची नळी बसवून रक्तप्रवाह पाहत होते. प्रयोग संपल्यावर ती निघेना, कारण हाड तिला घट्ट चिकटले होते. १९६५ साली त्यांनी या शोधाचा उपयोग करून गोस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात दात धरणारे खुंट बसविले. लार्सन यांचा जबडा जन्मतःच सदोष होता. ते खुंट चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकले. अपघातात मोडलेले गालाचे हाड वा जबडा सांधण्यासाठी आज आपल्या इस्पितळांतून वापरल्या जातात त्या पट्ट्या याच धातूच्या असतात. सांगायला हवे, की दुचाकीवरून पडल्याने असे रुग्ण येतात, आणि डोक्यावर अर्धी टोपी चढविणारे शिरस्त्राण हनुवटीचे रक्षण करीत नाही.

आता मारुतीच्या कथेकडे वळू. मूल आंब्याच्या झाडावरून, जिन्यावरून किंवा सायकलवरून हनुवटीवर आपटते. हनुवटीला जखम होते, दोन टाके पडतात, आठवड्यात जखम भरते आणि सारे विसरतात. परंतु हनुवटीवर बसलेला मार हाडातून वर कानापुढच्या सांध्यापर्यंत जातो आणि तेथील मान मोडते. सांध्यात रक्त साचते. दुखते म्हणून मूल तोंड हलवीत नाही, आणि साचलेल्या रक्ताच्या जागी महिन्यांनी-वर्षांनी हाड तयार होऊन जबडा कवटीला जुळून जातो. कानाच्या जुनाट पुवाने देखील असे घडू शकते. सांधा जुळला, की तोंड उघडेनासे होते. आणि लहान वयात जुळला, तर जबड्याची वाढही खुंटते. एका बाजूचा सांधा जुळला, तर हनुवटी त्या बाजूला वळते. दोन्ही जुळले, तर ती इतकी मागे राहते, की चेहरा पक्ष्यासारखा दिसू लागतो. अशा मुलाला शाळेत नावे ठेवली जातात आणि घरात पाहुण्यांपासून दूर ठेवले जाते. ते दातांच्या फटीतून पातळ अन्न चोखून घेते, दात घासता न आल्याने किडतात, अंग धरत नाही. रात्री ते घोरते. श्वास मध्येच अडतो आणि ते दचकून उठते, कारण मागे राहिलेल्या जबड्याबरोबर जीभही मागे पडून श्वासाचा मार्ग चिंचोळा करते. दिवसा वर्गात त्याला पेंग येते. शिक्षक त्याला आळशी समजतात.

अशी मुलगी उपवर झाली म्हणजे तिचे पालक हनुवटीला काही भर घालता येईल का, असे विचारतात. हा प्रश्न अनुचित नाही, पण तो क्रमाने शेवटचा आहे. आधी सांधा मोकळा व्हावा लागतो. शल्यविशारद जुळलेल्या हाडाचा तुकडा कापून काढतात आणि ते पुन्हा जुळू नये म्हणून मध्ये रुग्णाच्याच कानशिलावरील स्नायूचा पदर किंवा गालातील चरबी बसवितात. वाढत्या वयात काही वेळा बरगडीचा कूर्चेसह तुकडा सांध्याच्या जागी लावतात. तोंड उघडत नसल्याने भूल देणेच अवघड असते; नाकावाटे बारीक दुर्बीण घालून तिच्यावरून श्वासनळी सोडावी लागते. म्हणून हे काम सर्व सोय असलेल्या मोठ्या इस्पितळातच होते. आखूड जबडा लांबविण्यासाठी आणखी एक उपाय आहे. सैबेरियातील इलिझारोव्ह यांनी पायाच्या हाडांसाठी जी पद्धत सिद्ध केली, तीच न्यूयॉर्क येथील मॅकार्थी यांनी १९९२ साली मुलांच्या जबड्यासाठी वापरल्याचे प्रसिद्ध केले. हाड कापून त्याची दोन टोके यंत्राने दररोज सुमारे एक मिलिमीटर दूर करीत नेतात आणि मधल्या फटीत नवे हाड भरत जाते. हे सर्व झाले, वाढ पूर्ण झाली, चावा नीट बसला, आणि तरीही हनुवटी थोडी उणी राहिली, तर मग रोपण किंवा हाड सरकविणे यांचा विचार करता येतो.

इतर कारणेही आहेत. जन्मतःच जबडा अतिशय लहान, जीभ मागे पडलेली आणि टाळू फाटलेली असे मूल जन्मास येते. त्याला श्वासासाठी पहिल्या दिवसापासून तज्ज्ञांची मदत लागते. हनुवटी मागे दिसण्याचे कारण वरचे दात पुढे असणे हेही असू शकते आणि ते दातांच्या तारांनी सुधारते. वृद्धांचे गाल दात पडल्याने बसतात. चांगली कवळी हेच तेथील रोपण. आणि तरुण माणसाचे गाल आत ओढले गेले असतील, आतून ताठर लागत असतील, तिखट सोसवत नसेल व तोंड पुरते उघडत नसेल, तर त्याच्या खिशात सुपारीची पुडी आहे का, ते पाहावे. सुपारीच्या सततच्या चघळण्याने गालाच्या आतील अस्तरात तंतू धरतात. हा विकार पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो. अशा गालांत भर घालणे म्हणजे जळत्या घराला रंग देण्यासारखे आहे.

हे सारे ओळखण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. निरोगी माणसाच्या तोंडात, वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये, त्याचीच स्वतःची तीन बोटे उभी मावतात. मुलाच्या तोंडात मुलाची बोटे. ज्याच्या तोंडात दोनच बोटे किंवा एकच मावते, त्याला वैद्याकडे पाठविले पाहिजे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडी व शाळेत अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. त्या पथकाला अशी मुले शिक्षकांनी आवर्जून दाखवावीत. गोव्यात बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालय व गोवा दंत महाविद्यालय या शासकीय संस्था आहेत. जबड्याच्या शस्त्रक्रियेचे शिक्षण घेतलेले शल्यविशारद दंत महाविद्यालयांतूनच तयार होतात. 'दातांचा डॉक्टर जबड्याचे काय पाहणार' असे म्हणून पालक तेथे जाण्याचे टाळतात, ते चुकीचे आहे.

ज्या प्रौढ व्यक्तीला कोणताही आजार नाही आणि केवळ शोभेसाठी रोपण हवे आहे, तिने ते सर्व विचारांती अवश्य घ्यावे. परंतु काही गोष्टी लेखी मागाव्यात. शस्त्रक्रिया करणाऱ्याची पदवी सुघटन शल्यविद्येतील किंवा मुख व जबड्याच्या शल्यविद्येतील आहे काय? रोपण कोणत्या पदार्थाचे व कोणत्या कंपनीचे? ते काढावे लागल्यास खर्च कोणाचा? भारतात १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे कायद्याने औषधांच्या व्याख्येत आली आहेत, रोपणेही. त्यांच्या वेष्टनावर कंपनीचे नाव व तुकडीचा क्रमांक असतो. ती चिठ्ठी रुग्णाने मागून घेऊन घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवावी. पंधरा वर्षांनी दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरपुढे, आपल्या हनुवटीत काय आहे ते सांगता आले पाहिजे. संमतिपत्र सही करण्यापूर्वी घरी आणून वाचावे. ते इंग्रजीत असेल तर कोणाकडून तरी वाचवून घ्यावे. वाढीच्या वयात, म्हणजे साधारणतः सोळा-अठरा वर्षांपूर्वी, शोभेचे रोपण बसवू नये. आणि तंबाखू ओढणाऱ्याने शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर ती सोडल्याखेरीज जखम नीट भरण्याची आशा धरू नये.

शेवटी सांधा मोकळा केलेल्या मुलांविषयी एक गोष्ट राहिली, आणि ती शिक्षकांसाठी आहे. शस्त्रक्रियेनंतर लगेचच तोंड उघडण्याचा व्यायाम सुरू होतो आणि तो अनेक महिने, दिवसातून अनेक वेळा, करावा लागतो. तो थांबला तर हाड पुन्हा जुळते आणि सर्व श्रम वाया जातात. लाकडी चपट्या काड्यांची चळत दातांत धरून दर काही दिवसांनी तीत एक काडी वाढवितात. हे दुखते. घरी मूल रडते आणि आईचा हात थांबतो. शाळेत मधल्या सुट्टीत, वर्गातील दोन मित्रांना सोबत बसवून, शिक्षकांनी हा व्यायाम करून घ्यावा. काड्या किती झाल्या, त्याचा आकडा दररोज एका वहीत लिहावा, आणि इस्पितळाच्या पुढच्या तारखेला मुलाबरोबर ती वही पाठवावी.